पुतळ्याची पाठ

गुप्तेमास्तरांकडे कामाला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात नीराबाईनं त्यांचा पुतळा चिंचेनं घासायला घेतला. यात तिचं काय चुकलं ते कुणीही सांगावं. भरडखोलच्या कोळीवाड्यात फळीवर एक तांब्या जरी काळा दिसला तरी शेजारणी त्या घरच्या बाईला नावं ठेवतात. आणि इथं दिवेआगरसारख्या गावात, मुंबईला पोरांना चित्रकला शिकवून आलेल्या शिकल्यासवरल्या माणसाच्या घरात, डोक्यापासून छातीपर्यंतचा एक आख्खा पुरुष काळाहिरवा होऊन बसलेला! तिनं चिंचेचा गोळा घेतला, चुलीतली राख घेतली, नारळाचं सोडण घेतलं आणि नाकापासून सुरुवात केली.

मास्तर आंघोळ करून पंचा नेसून बाहेर आले आणि असे ओरडले की वाडीतली वानरं सुपारीच्या झाडांवरून पळाली.

"अहो बाई, तो काळेपणा शेकडो वर्षांचा आहे! इटलीतनं आणलाय मी तो. ब्राँझचा आहे, ब्राँझचा!"

शेकडो वर्षं कुणी घासला नाही म्हणजे त्या देशातल्या बायका करतात तरी काय, असं नीराबाईच्या मनात आलं. पण काम नवं, ती गप्प बसली. नाकाचा शेंडा तेवढा लखलखीत निघाला होता. तो पुढं कधी काळा पडलाच नाही, कारण कोरड्या फडक्यानं पुसताना तिचा हात सवयीनं तिथंच जास्त फिरायचा. पुतळ्याचं नाव तिनं पितळ्या ठेवलं. हे पितळ नव्हे, असं मास्तरांनी दोनतीनदा सांगून पाहिलं आणि मग कंटाळून तेही पितळ्याच म्हणायला लागले.

पितळ्या होता मात्र देखणा. पंचविशीचा असेल. कपाळावर कुरळ्या बटा, मान कुणीतरी हाक मारल्यासारखी जराशी वळलेली, ओठ किंचित उघडे. घरात बोलायला मास्तरांशिवाय कुणी नाही, आणि मास्तर दिवसभर पुस्तकात. मग केर काढताना नीराबाई पितळ्याशीच बोलायची. तो उलटून बोलत नसे, हा त्याचा मोठा गुण.

ही सगळी जुनी गोष्ट. आता त्रेसष्ट साल चाललं होतं आणि नीराबाई दमली होती.

काम तर सगळ्याच बायका करतात. पहाटे मासळी निवडायची, वाळत घालायची, भरडखोलपासून दर्याकाठच्या वाळूवरून, पुळणीपुळणीनं चालत दिवेआगरला यायचं, झाडलोट, भांडी, पाणी, परत चालत घरी जायचं आणि सुकलेली मासळी गोळा करायची, यानं कोळणीला काही होत नाही. ती दमली होती ती अधांतरी राहून. तिचा नवरा गुणाजी स्वातंत्र्य आलं त्या वर्षी, नारळी पौर्णिमा झाल्यावर होडी घेऊन गेला तो आलाच नाही. होडी नाही, फळी नाही, देह नाही. तेव्हा नीरा अठराची, आणि शकू पोटात. देह मिळाला नाही म्हणून रडायला कुणी बसलं नाही. सासू भागुबाईनं साऱ्या वाड्याला बजावलं की माझा लेक येणार आहे, सुनेच्या कुंकवाला कुणी हात लावायचा नाही. बारा वर्षांनी माणूस गेला असं धरून क्रिया करून टाकायची रीत, तीही म्हातारीनं होऊ दिली नाही. हळदीकुंकवाला बायका नीराला बोलवायच्या आणि कुंकू लावताना त्यांची बोटं अडखळायची. धड सवाशीण नाही, धड विधवा नाही. असं सोळा वर्षं. तिला आता रडू येत नसे, नुसती झोप यायची.

त्या शेवटच्या दिवसाची एक वस्तू तिच्याकडे होती, गुणाजीची तंबाखूची चंची. तो विसरून गेला होता. ती चंची घेऊन दारापर्यंत धावली, पण होडीकडं निघालेल्या माणसाला भरडखोलात मागनं हाक मारत नाहीत. अपशकुन होतो. आणि दर्याकडं तोंड केलेला माणूस वळूनही बघत नाही. नीरा दारात उभी राहिली, घशाशी आलेली हाक तिनं गिळली, आणि चंची ट्रंकेत ठेवून दिली.

शकूला समजू लागलं तशी ती विचारायची, आये, माझा बापूस कसा व्हता? नीरा सांगायची. दमून आडवी झालेली असायची, डोळे मिटलेले असायचे, तरी तोंडातून आपोआप यायचं. कपाळावर कुरळ्या बटा व्हत्या. मान अशी वळवायचा, कुनी हाक मारली का काय म्हनून. बोलायच्या आधी व्होट जरासं उघडायचा. नाकाचा शेंडा घामानं चकचकायचा. शकूला हे सगळं तोंडपाठ झालं होतं. कोळीवाड्यात कुणाचा फोटो काढायला कोण येतंय? तिला बाप मिळाला तो एवढाच.

गेल्या वर्षी भागुबाई गेली. यंदा दिघीहून शकूला मागणी आली. मुलगा चांगला, होडी घरची. पण मुलाच्या काकानं सुपारी फोडायच्या आधी पानाचं तबक बाजूला सारलं आणि सरळ विचारलं, "पोरीचा बापूस हाय का न्हाय, ते आदी सांगा. हाय म्हनाल तर त्याला आना. न्हाय म्हनाल तर त्याची क्रिया करा. लटकतं ठेवून आमी लगीन करनार न्हाय."

पाहुणे गेल्यावर धाकटा दीर हरेश्वर ओट्यावर नीराजवळ येऊन बसला. वाईट माणूस नव्हता तो. सोळा वर्षं वहिनीच्या घरावर दरसाल झावळ्या त्यानंच घातल्या होत्या.

"वयनी, आता करून टाकू. देह न्हाय, तवा पुतळा करायला लागंल."

"पुतळा?" नीरा म्हणाली. "मास्तरांकडं हाय तसा?"

हरेश्वरला हसावं का रडावं कळेना. "अगो, तो न्हाय. दर्भाचा, पळसाच्या पानांचा. जाळायचा पुतळा. डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा. मी दिवेआगरच्या अनंतभटांना इचारून आलोय. ते म्हनले, ज्यानं मानसाला शेवटचं बगितलं त्यानं डोकं ठेवायचं. त्याचं रूप डोळ्यांम्होरं आनायचं, नाव घ्यायचं आनि मग ठेवायचं. म्हंजी तूच."

"व्हय," नीरा म्हणाली. एवढंच ना, असं तिला वाटलं. रूप तर तिच्या तोंडावर होतं.

त्याच आठवड्यात मास्तरांनीही आवराआवर काढली. त्यांची मुलगी कमळ पुण्याला असे. आता तुम्ही एकटे राहायचं नाही, असं तिनं निक्षून सांगितलं होतं. पितळ्या मुंबईला, मास्तर ज्या शाळेत शिकवत तिथं जायचा होता. बोर्लीहून माणगावकडे जाणाऱ्या ट्रकवाल्याशी बोलणं झालं होतं. पेटी तयार होती, भाताचा पेंढा होता, पण तो जडशीळ पुतळा उचलणार कोण? मास्तर सत्तरी उलटलेले. नीराबाई म्हणाली, उद्या शकूला आणते.

शकू त्या घरात पूर्वी कधीच आली नव्हती. तिची आजी तिला नजरेआड होऊ देत नसे, आणि लोकांची भांडी घासायला लेकीला न्यायचं नाही, हा नीराचाही हट्ट होता. सकाळी मायलेकी आल्या. नीरा पेंढा घ्यायला मागच्या पडवीत गेली. परत आली तर शकू पितळ्यासमोर उभी. हात जोडलेले, आणि डोळ्यांतून पाणी चाललेलं.

"काय गो? काय झालं?"

"आये," शकू म्हणाली, "ह्यो बापूस हाय."

"येडी का काय तू? ह्यो इटलीचा हाय. मास्तरांचा."

"न्हाय गो. बग ना. ह्या बटा. ही मान बग, कुनी हाक मारल्यावानी. व्होट बग." तिनं भीत भीत हात पुढं केला आणि पुतळ्याच्या नाकाला बोट लावलं. "आनि ह्यो नाकाचा शेंडा. चकचकतोय. तू सांगलंस तसाच."

नीराच्या हातातला पेंढा खाली पडला.

बटा असतील गुणाजीला. मानही तो वळवत असेल. पण नाकाचा शेंडा? तो तर तिनं स्वतः घासला होता. चिंचेनं, राखेनं, याच घरात, गुणाजी गेल्यावर चांगल्या चारपाच वर्षांनी. तिनं डोळे मिटले आणि नवऱ्याला शोधायला गेली. पितळ्या आला. पुन्हा मिटले. पुन्हा पितळ्याच आला, तसाच, ओठ उघडे टाकून. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या माणसासाठी आपण कुंकू लावून बसलो त्याचा चेहरा आपण हरवला, कधी हरवला तेही कळलं नाही, आणि वर पोरीला भलताच बाप देऊन बसलो. ती भिंतीला टेकून खाली बसली.

मास्तर बाहेर आले. त्यांना वाटलं, पुतळा जाणार म्हणून बाईंना वाईट वाटतंय. ते आपल्या परीनं समजूत घालायला लागले.

"जाऊ द्या नीराबाई. हा तरी कुठं खरा आहे? अहो, मूळचा पुतळा संगमरवरी. तिकडं एका देवळात, भिंतीतल्या कोनाड्यात. तो बघून पुढं दीडदोनशे वर्षांनी कुणीतरी हा ओतला. मोठा कारागीर असणार, पण त्यानं काही त्या माणसाला पाहिलं नव्हतं. त्यानं पाहिला तो दगड."

"आनि दगडवाल्यानं?" नीरानं विचारलं. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"त्यानं तरी काय? तो पोरगा मेल्यावर बापानं करून घेतलेला तो. लोकांनी सांगितलं असेल, असा होता, तसा होता. त्यावरनं केला असेल."

म्हणजे ज्याला कुणी पाहिलाच नाही असा हा माणूस आपण रोज पुसला. नीराला हसू आलं आणि ते मध्येच मोडलं. तिघांनी मिळून पुतळा उचलला. पेटीत आडवा करताना शकू दचकून म्हणाली, "आये, ह्याला मागं कायच न्हाय गो!"

खरंच नव्हतं. पुढून एवढा राजबिंडा, आणि मागं डोक्यापासून पाठीपर्यंत नुसती पोकळी. आत खडबडीत, काळोख. पुतळा भिंतीला लागून असायचा, नीरानंही तिकडं कधी फडकं फिरवलं नव्हतं.

"कोनाड्यातला ना," मास्तर म्हणाले. "पाठ कोण बघणार? दगडवाल्यानं केली नाही, म्हणून यानंही केली नाही."

शकूला काय कळायचं ते कळलं होतं. घरी जाताना पुळणीवर ती आईच्या दोन पावलं मागून चालत होती. तिनं फक्त विचारलं, "मग खरा कसा व्हता?"

"म्हाईत न्हाय," नीरा म्हणाली.

क्रियेचा दिवस ठरलेला होता. नीरानं हरेश्वरला गाठलं. तुझा भाऊस दिसायला कसा होता ते सांग, म्हणाली. हरेश्वर डोकं खाजवत राहिला. "माज्यावानीच व्हता की. जरा उंच." ती त्याच्याकडं टक लावून बघत बसली, इतकी की तो अवघडून उठून गेला. त्याच्या चेहऱ्यातही काही सापडलं नाही. शेजारच्या चंद्राबाईला विचारलं, ती म्हणाली, हसरा व्हता. सगळे मेलेले हसरेच असतात.

आणि मग नीराला आणखी वाईट गोष्ट कळली. चेहरा हरवला हे खरं, पण तो तिच्याकडं होता कधी? लग्न झालं तेव्हा ती सोळाची. घरात सासूसासरे, त्यांच्यासमोर नवऱ्याकडं मान वर करून बघायची सोय नव्हती. तो भरतीच्या वेळेनं जायचा, ओहोटीच्या वेळेनं यायचा, आला की झोपायचा. वर्ष-दीड वर्षाचा संसार, त्यातला अर्धा त्याचा दर्यावर. जे नीट पाहिलंच नाही ते कशानं आठवणार? आणि आठवल्याशिवाय नारळ ठेवला, पितळ्याला डोळ्यांसमोर आणून ठेवला, तर त्या इटलीच्या पोराची क्रिया होईल, गुणाजी तसाच राहील पाण्यावर. तिला भीती वाटत होती ती याची. लग्न मोडण्याची भीती तिला त्याच्यापुढं काहीच वाटत नव्हती.

क्रियेच्या दिवशी सकाळी तिनं शकूला न्हाऊ घातलं आणि ओट्यावर पुढ्यात घेऊन बसली. तेल लावलं, फणी घातली. मागून भांग पाडताना फणी नेहमीसारखी अडली. शकूच्या डोक्यात मागं दोन भोवरे होते, त्यामुळं तिचा भांग कधी सरळ पडत नसे. नीरा रोज त्यावर चरफडायची. आज तिनं फणी खाली ठेवली.

दोन भोवरे. भागुबाई लेकाला चिडवायची, दोन भोवरे म्हंजी दोन लगनं, जपून ऱ्हा गो नीरा. ते भोवरे तिला दिसले. त्यांच्याखाली उन्हानं रापलेली मान. मानेवर गळू फुटून राहिलेला वण, वाटाण्याएवढा. वल्हं घेऊन घेऊन डावा खांदा उतरलेला. उजव्या टाचेची भेग, त्यातली वाळू. चालताना तो जरासा बाहेर टाकायचा पाय. सगळं आलं, न बोलावता, एकामागून एक, पुळणीवरून होडीकडं चाललेलं. कारण हेच तर तिनं पोटभर पाहिलं होतं. समोरून बघायची लाज, पण तो पाठमोरा निघाला की दारात उभं राहून बघायला कुणाची बंदी नव्हती. त्याची पाठ लहान लहान होत होडीला टेकेपर्यंत ती बघायची. रोज बघायची.

"आये, रडतंस?"

"न्हाय गो. तुजा भांग वाकडा पडतो ना, तो बापसावर गेलाय."

शकूनं हात मागं नेला आणि स्वतःचं डोकं चाचपून पाहिलं. किती तरी वेळ चाचपत होती.

अनंतभट आले. अंगणात बांबूच्या तिरडीवर दर्भाचे हातपाय, पळसाच्या पानांचं अंग तयार झालं. हरेश्वरनं सोललेला नारळ नीराच्या हातात दिला. नारळाचे तीन डोळे तिच्याकडं बघत होते.

"रूप आठवा बाई. घाई नाही," भटजी म्हणाले.

नीरानं डोळे मिटले. पितळ्या आला नाही. तिनं नारळ फिरवला, डोळे खाली दर्भात केले आणि मागची बाजू वर करून ठेवला.

"अहो, उलटा झाला. डोळे वर हवेत."

"असू द्या भटजी. माज्याकडं पाठ करूनच गेला तो. मी त्याला असाच वळखते."

भटजींनी तिच्याकडं पाहिलं, नारळाकडं पाहिलं, आणि पुढचा मंत्र म्हणायला घेतला. नाव घ्यायची वेळ आली तेव्हा नीराच्या तोंडातून ते बाहेर पडेना. बाईनं नवऱ्याचं नाव कधी घेतलेलं नसतं. हरेश्वरनंच ते तिच्या वतीनं घेतलं. चौघांनी तिरडी उचलली आणि पुळणीची वाट धरली. बायका दाराशी थांबल्या. कुणीतरी नीराच्या हातातल्या बांगड्या चाचपल्या. तिला ते कळलंही नाही. ती बघत होती. तिरडी लहान लहान होत चालली होती, नारळाची मागची बाजू तिच्याकडं करून.

ती आत गेली. ट्रंक उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली ती तशीच पायऱ्या उतरून वाटेला लागली. चंद्राबाई ओरडली, अगो, बायकांनी जायचं नसतं. शकूनं चंद्राबाईचा हात धरला.

नीरानं चालता चालता हाक मारली. मागनं मारली, भरल्या वाड्यादेखत, नाव घेऊन मारली. तिरडीवाल्यांचे पाय जागच्या जागी थबकले.

"गुणाजी! थांब रे जरा. चंची ऱ्हायली तुजी."